विश्लेषण : मंच बंद पडला तरी ब्लॉग टिकेल का? ‘वेब कम्पोनंट’ लायब्ररीचा पर्याय किती भरवशाचा?

टाइपपॅड ही २००३ मध्ये सुरू झालेली ब्लॉगसेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी कायमची बंद झाली. वर्षानुवर्षे तेथे लिहिणाऱ्यांना मजकूर हलवण्यासाठी जेमतेम महिनाभर मिळाला. या घटनेने जुना प्रश्न पुन्हा पुढे आणला : ब्लॉगमधील शब्द लेखकाचे असतात, पण त्या शब्दांना उभे करणारे रूप, मांडणी आणि सोयी कोणाच्या मालकीच्या? तयार मंचावर अवलंबून न राहता ब्राऊजरच्याच मानकांवर आधारलेल्या ‘वेब कम्पोनंट’ लायब्ररीतून ब्लॉग उभारण्याचा पर्याय त्यामुळे चर्चेत आहे. हा पर्याय नेमका काय आहे, तो किती टिकाऊ आहे आणि त्यात धोके कोणते, याचा आढावा.

टाइपपॅडचे काय झाले?

सिक्स अपार्ट या अमेरिकी कंपनीने ‘मूव्हेबल टाइप’ या आपल्याच प्रणालीच्या आधारे टाइपपॅड उभे केले. पैसे भरा, नाव निवडा आणि लिहायला लागा, असा सोपा मामला होता. पुढे मालकी बदलत गेली. २०२० च्या अखेरीस नव्या ग्राहकांची नोंदणी थांबवण्यात आली आणि ऑगस्ट २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात सेवा बंद होत असल्याची घोषणा झाली. मजकूर उतरवून घेण्याची सोय होती, पण मिळणारी फाइल होती साध्या मजकुराची. लेखाची मांडणी, रंगसंगती, बाजूचे स्तंभ हे सारे मंचाबरोबर गेले.

असे पहिल्यांदा घडले नाही. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केली, गूगलने २०१३ मध्ये ब्लॉगवाचनासाठीचे ‘रीडर’ बंद केले. मंच चालू असतानाही अडचण येते. वर्डप्रेसवर एखादे प्लगइन वापरून लेखात छायाचित्रांची मालिका टाकली आणि काही वर्षांनी ते प्लगइन काढले, तर लेखाच्या मध्येच चौकटी कंसातील एक निरर्थक खूण उघडी पडते. छायाचित्रे सर्व्हरवर असतात, पण ती दाखवायची कशी हे सांगणारा भागच नाहीसा झालेला असतो.

वेब कम्पोनंट म्हणजे काय?

वेब पान एचटीएमएल या भाषेत लिहिले जाते. परिच्छेद, शीर्षक, छायाचित्र, दुवा यांच्यासाठी तिच्यात ठरावीक टॅग आहेत आणि त्यांचा अर्थ प्रत्येक ब्राऊजरला ठाऊक असतो. वेब कम्पोनंटमुळे या यादीत स्वतःच्या टॅगची भर घालता येते. अशा टॅगच्या नावात जोडरेषा असावी लागते. मूळ टॅगच्या नावांशी गल्लत होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

यामागे तीन तंत्रे आहेत. ‘कस्टम एलिमेंट’ म्हणजे नव्या टॅगला वागणूक ठरवून देणे. ‘टेम्प्लेट’ आणि ‘स्लॉट’ म्हणजे घटकाचा साचा आणि त्यात लेखकाचा मजकूर बसवण्याची मोकळी जागा. तिसरे ‘शॅडो डॉम’, म्हणजे घटकाच्या आतील मांडणीभोवतीची भिंत. ते सोसायटीतील सदनिकेसारखे आहे. सोसायटीने इमारतीला बाहेरून कोणताही रंग दिला तरी घरातील भिंतींचा रंग बदलत नाही; पाणी आणि वीज मात्र ठरलेल्या वाहिन्यांतून घरात येते. तसेच पानाचे नियम घटकाच्या आत घुसत नाहीत, पण अक्षराचा टंक, रंग आणि मुद्दाम ठेवलेली काही मूल्ये आत झिरपतात.

अशा अनेक घटकांचा तयार संच म्हणजे वेब कम्पोनंट लायब्ररी. तिच्यात बटणे, टॅब, संवादचौकटी, छायाचित्रांच्या पट्ट्या, तारखा दाखवणारे घटक असे सुटे भाग मिळतात. रिॲक्ट किंवा व्ह्यूसारख्या चौकटींतही घटक असतात. मात्र ते त्या चौकटीतच चालतात. वेब कम्पोनंट साध्या पानात, वर्डप्रेसमध्ये किंवा रिॲक्टमध्येही बसवता येतो, कारण तो टॅग ओळखण्याचे काम ब्राऊजर करतो.

हे मानक आले कुठून?

गूगलचे अभियंते ॲलेक्स रसेल यांनी २०११ मध्ये ही कल्पना जाहीरपणे मांडली. २०१३ मध्ये गूगलने तिच्यावर आधारित ‘पॉलिमर’ ही लायब्ररी आणली आणि क्रोममध्ये पहिली आवृत्ती बसवली. मात्र इतर ब्राऊजर-निर्मात्यांना ती पटलेली नव्हती. यूट्यूबने २०१७ चे नवे रूप याच पॉलिमरवर उभारले. परिणामी २०१८ मध्ये फायरफॉक्स आणि एजवर यूट्यूब क्रोमच्या तुलनेत खूपच संथ उघडत असल्याची तक्रार मोझिलाच्या एका अधिकाऱ्याने उघडपणे केली. जुनी आवृत्ती फक्त क्रोमला ठाऊक होती, इतरांना तिची नक्कल करावी लागत होती.

दरम्यान सर्वांच्या संमतीने दुसरी आवृत्ती ठरली. ती २०१६ मध्ये क्रोममध्ये, २०१७ मध्ये सफारीत, ऑक्टोबर २०१८ मध्ये फायरफॉक्समध्ये आणि जानेवारी २०२० मध्ये नव्या एजमध्ये आली. पुढच्याच महिन्यात क्रोमने पहिली आवृत्ती काढून टाकली. एका कंपनीने पुढे रेटलेली गोष्ट त्या कंपनीच्याच ब्राऊजरमधून गेली आणि सर्वांनी मान्य केलेली गोष्ट टिकली. गिटहबच्या पानांवरील ‘तीन तासांपूर्वी’ अशा सापेक्ष वेळा, ॲडोबीच्या वेबवरील फोटोशॉपचा दर्शनी भाग आणि सेल्सफोर्सची ‘लाइटनिंग’ प्रणाली ही या तंत्राच्या मोठ्या वापराची उदाहरणे आहेत.

ब्लॉगची उभारणी कशी होते?

अशा ब्लॉगचे तीन थर असतात. पहिला थर लेखांचा. प्रत्येक लेख साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहतो. दुसरा थर साच्याचा. एलेव्हंटी, ह्यूगो, जेकिल अशी मोफत साधने या फाइलींपासून तयार पाने बनवतात. ती पाने कोणत्याही साध्या सर्व्हरवर ठेवता येतात; त्यासाठी डेटाबेस लागत नाही. तिसरा थर घटकांचा. पान नुसते वाचायचे नसून त्यात काही करायचे असेल, तेथे लायब्ररीतील टॅग वापरला जातो.

समजा, एखादा दुर्गप्रेमी किल्ल्यांवर ब्लॉग लिहितो. बुरुजाची डागडुजीपूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे त्याला एकमेकांवर ठेवून सरकत्या पट्टीने दाखवायची आहेत. शूलेससारख्या लायब्ररीत यासाठी तयार घटक आहे. लेखकाने त्याच्या टॅगच्या पोटात दोन छायाचित्रांचे साधे टॅग ठेवायचे. पट्टी, तिची हालचाल आणि कळफलकाने ती सरकवण्याची सोय घटक पुरवतो.

या पद्धतीचा खरा फायदा बिघाडाच्या वेळी दिसतो. इंटरनेट संथ असल्याने किंवा अन्य कारणाने घटकाचा कोड पोहोचलाच नाही, तर ब्राऊजर अनोळखी टॅगकडे दुर्लक्ष करून आतील दोन्ही छायाचित्रे दाखवतो. सरकती पट्टी जाते, छायाचित्रे राहतात. मात्र सर्व घटक असे बनवलेले नसतात. काहींमध्ये मजकूर किंवा छायाचित्राचा पत्ता टॅगच्या पोटात न ठेवता त्याच्या गुणधर्मात लिहावा लागतो. तेथे कोड पोहोचला नाही की वाचकासमोर रिकामी जागा उरते. त्यामुळे लायब्ररी निवडताना ती किती देखणी आहे यापेक्षा लेखकाचा मजकूर ती कोठे ठेवायला सांगते, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

रूप बदलता येते, म्हणजे किती?

शॅडो डॉमची भिंत घटकाला सुरक्षित ठेवते, पण तीच भिंत ब्लॉगकर्त्याच्या आड येते. बटणाचा रंग बदलायला नेहमीचा नियम लिहिला तर तो आत पोहोचत नाही. म्हणून लायब्ररीचे निर्माते ठरावीक वाटा मोकळ्या ठेवतात.

पहिली वाट सीएसएसच्या चलांची. मुख्य रंग, कोपऱ्यांची गोलाई, अक्षरांचा आकार यांना नावे दिलेली असतात. ब्लॉगकर्त्याने एका जागी मूल्य बदलले की सर्व घटक बदलतात. गडद पार्श्वभूमीची सोय बहुधा याच मार्गाने होते. दुसरी वाट ‘पार्ट’ची. घटकाचा एखादा आतील भाग, उदाहरणार्थ संवादचौकटीचा मथळा, नाव देऊन बाहेरून रंगवण्यासाठी खुला केलेला असतो. तिसरी वाट स्लॉटची, म्हणजे तयार चिन्हाऐवजी आपले चिन्ह बसवण्याची.

निर्मात्याने जी वाट ठेवलीच नाही, तिथून आत जाता येत नाही. त्यामुळे ‘हवे तसे बदला’ या जाहिरातीचा अर्थ ‘निर्मात्याने ठेवलेल्या वाटांनी बदला’ असाच घ्यावा लागतो. तरीही तयार मंचाच्या तुलनेत फरक आहे. मंचाने सोय दिली नाही तर वापरकर्ता हतबल असतो. मुक्तस्रोत लायब्ररीत कोड हाताशी असतो आणि जाणकाराच्या मदतीने त्यात बदल करता येतो.

लायब्ररीही बंद पडू शकते का?

होय. गूगलची ‘मटेरियल वेब’ ही लायब्ररी २०२३ मध्ये पूर्ण आवृत्तीपर्यंत पोहोचली. पण २०२४ मध्ये कंपनीने तिचे अभियंते अन्यत्र वळवले आणि ती केवळ देखभालीपुरती ठेवली. शूलेसचे निर्माते कोरी लाव्हिस्का यांचा प्रकल्प ‘फॉन्ट ऑसम’कडे गेला आणि त्याची पुढची पिढी ‘वेब ऑसम’ या नावाने आली. तिचा गाभा मुक्त आहे, काही जादा सुविधांसाठी मात्र पैसे मोजावे लागतात.

परवान्याची अटही महत्त्वाची असते. वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलनवेग यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये रिॲक्टपासून दूर जाण्याची घोषणा केली होती. पेटंटविषयीची एक अट हे त्याचे कारण होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत फेसबुकने परवाना बदलला आणि वर्डप्रेसचा नवा संपादक रिॲक्टवरच उभा राहिला. जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे ज्या प्रणालीवर चालतात, तिलाही दुसऱ्याच्या परवान्यापुढे थबकावे लागले होते.

वेब कम्पोनंट लायब्ररी थांबली तरी एक दिलासा असतो. उतरवून ठेवलेली आवृत्ती चालत राहते, कारण तिचा पाया ब्राऊजरमध्ये आहे. नव्या सुविधा आणि दुरुस्त्या मात्र मिळत नाहीत. ब्लॉगकर्ता त्याच पानावर एक-एक करून दुसऱ्या लायब्ररीचे घटक आणू शकतो, सारे एकदम पाडून पुन्हा बांधावे लागत नाही.

कोड कोणाच्या सर्व्हरवरून येतो?

सर्वांत मोठा धोका येथे आहे. सोय म्हणून अनेक जण लायब्ररीचा कोड त्रयस्थ सर्व्हरवरून थेट मागवतात. पानात एक ओळ टाकली की काम झाले. पण त्या ओळीबरोबर पानाचा ताबाही दुसऱ्याच्या हाती जातो.

‘पॉलिफिल डॉट आयओ’चे प्रकरण याचे ठळक उदाहरण. जुन्या ब्राऊजरमध्ये नव्या सुविधा चालाव्यात यासाठी लागणारा कोड ही सेवा मोफत पुरवत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचा पत्ता एका चिनी कंपनीने विकत घेतला. मूळ प्रकल्पाचे निर्माते अँड्र्यू बेट्स यांनी तेव्हाच ही ओळ काढून टाकण्याचा सल्ला दिला होता. जूनमध्ये सुरक्षा संशोधकांनी उघड केले की तेथून येणारा कोड मोबाइलवरील काही वाचकांना सट्टेबाजीच्या पानांकडे वळवत होता. एक लाखाहून अधिक संकेतस्थळांवर ती ओळ होती. संकेतस्थळांच्या मालकांनी आपल्या पानात काहीही बदलले नव्हते, तरी त्यांच्या वाचकांना त्रास झाला.

कोडच्या साठ्यांतही धोका असतो. ८ सप्टेंबर २०२५ रोजी एनपीएम या साठ्यातील १८ लोकप्रिय भागांत घातक कोड घुसवण्यात आला. त्यांची देखभाल करणाऱ्या विकसकाला बनावट ईमेलने फसवून हे करण्यात आले होते. या भागांचे आठवड्याचे एकत्रित डाउनलोड २०० कोटींहून अधिक होते. त्याआधी मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हा अवघ्या ११ ओळींचा कोड निर्मात्याने मागे घेतल्याने जगभरचे अनेक प्रकल्प अडले होते.

यावरचे उपाय साधे आहेत. लायब्ररीची ठरावीक आवृत्ती उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावी, आपोआप नवी आवृत्ती घेऊ नये आणि संपूर्ण संच न घेता लागतील तेवढेच घटक घ्यावेत. त्रयस्थ सर्व्हर टाळता येत नसेल, तर कोडचा ‘ठसा’ पानात नोंदवता येतो. आलेला कोड त्या ठशाशी जुळला नाही तर ब्राऊजर तो चालवत नाही.

टीकाकारांचे आक्षेप काय?

‘सॉलिड’ या चौकटीचे निर्माते रायन कार्नियाटो यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये वेब कम्पोनंट हे भविष्य नसल्याची मांडणी केली. प्रत्येक घटकाला स्वतंत्र टॅग आणि भिंत दिल्याने गुंतागुंत वाढते आणि चौकटींच्या अंतर्गत घटकांइतकी लवचीकता मिळत नाही, असा त्यांचा रोख होता. ते भविष्य नसून वर्तमान आहे, असे उत्तर लाव्हिस्का यांनी दिले.

काही आक्षेप निर्विवाद आहेत. कोड येईपर्यंत घटक विस्कटलेला दिसू शकतो. दृष्टिहीन वाचकांच्या साधनांसाठी एका भागाचा दुसऱ्याशी संबंध जोडणाऱ्या खुणा शॅडो डॉमच्या भिंतीपलीकडे सहज पोहोचत नाहीत. काही त्रुटी मात्र भरून निघत आहेत. शॅडो डॉम थेट एचटीएमएलमध्ये लिहून पाठवण्याची सोय फेब्रुवारी २०२४ मध्ये फायरफॉक्समध्ये आल्यावर सर्व प्रमुख ब्राऊजरमध्ये पोहोचली. डिसेंबर २०२४ मधील रिॲक्ट १९ ने अशा टॅगना पूर्ण पाठिंबा दिला. जेरेमी कीथ यांच्यासारखे विकसक तर भिंतच टाळा, साध्या एचटीएमएलला टॅगने वेढा आणि सोय वाढवा, असा मध्यममार्ग सुचवतात.

मराठी ब्लॉगसाठी वेगळे काय?

बहुतेक लायब्ररी रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनतात. बटणावरील अक्षरांत अंतर सोडण्याची पद्धत रोमनला शोभते. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. ओळींमधील अंतर कमी ठेवले तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात किंवा कापले जातात. ही मूल्ये लायब्ररीने चलांमधून खुली ठेवली असतील तर एका जागी दुरुस्ती होते, नसतील तर प्रत्येक घटकाशी झगडावे लागते.

पानाची भाषा मराठी असल्याची नोंद एचटीएमएलमध्ये करणेही गरजेचे आहे. ती असेल तर नोटो सॅन्स देवनागरीसारखा टंक ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाने दाखवतो, नसेल तर हिंदी वळणाने. ब्राऊजरमधील तारीख आणि आकड्यांची यंत्रणा मराठीसाठी मुळातच देवनागरी अंक वापरते. त्या यंत्रणेवर आधारलेला घटक घेतला तर तारखा आपोआप मराठीत येतात.

घटकांच्या पोटात दडलेले शब्द हा सहज न दिसणारा मुद्दा आहे. संवादचौकटीच्या फुलीमागे ‘क्लोज’ असा शब्द असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पान ऐकणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला मराठी लेखाच्या मध्येच इंग्रजी सूचना मिळते. शूलेससारख्या लायब्ररींत हे शब्द स्वतः भाषांतरित करून नोंदवता येतात. मराठी ब्लॉगकर्त्याने ही सोय आहे का, ते आधीच पाहायला हवे.

निवड कशी करावी?

ज्याला फक्त लिहायचे आहे आणि तांत्रिक कामाला वेळ नाही, त्याच्यासाठी तयार मंच आजही सोयीचा आहे. अट एकच : मजकूर आणि छायाचित्रांची प्रत नियमितपणे स्वतःकडे उतरवून ठेवावी आणि ब्लॉगचा पत्ता स्वतःच्या नावाने घ्यावा. स्वतःचा पत्ता असेल तर मंच बदलला तरी वाचकांकडे असलेले दुवे नव्या जागी वळवता येतात.

ब्लॉग दीर्घकाळ चालवायचा आहे आणि थोडे शिकण्याची तयारी आहे, त्याला वेब कम्पोनंट लायब्ररीचा मार्ग अधिक मोकळीक देतो. मात्र लायब्ररी हा पाया नव्हे. पाया साध्या फाइलींत ठेवलेला मजकूर हाच असतो. त्याची परीक्षा पाच मिनिटांत घेता येते. ब्राऊजरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून ब्लॉगवरील एक जुना लेख उघडावा. शीर्षक, परिच्छेद, छायाचित्रे आणि दुवे दिसत असतील, तर लायब्ररी उद्या बंद पडली तरी लेख वाचता येईल. पान कोरे दिसत असेल, तर मंच बदलूनही परावलंबन कायम आहे असे समजावे.